कडक ब्रेकचा भरवसा

सायकल विकत घ्यायला आलेला माणूस दुकानात काय काय विचारतो, हे मी पुष्कळ वर्षं ऐकत आलो आहे. गिअर किती, वजन किती, मडगार्ड आणि स्टँड यातच धरलाय की वेगळे पैसे? ब्रेकबद्दल विचारलंच तर एवढंच, की 'ब्रेक चांगला आहे ना?' आणि हे विचारता विचारता तो हँडलवरचा लिव्हर दोनदा दाबून पाहतो. लिव्हर कडक लागला की समाधानानं मान डोलावतो. मीही त्यातलाच होतो. एकतीस वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये काढली, मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून लोकांशी भांडलो आणि घरच्या सायकलीचा ब्रेक मात्र हाताला कडक लागतो म्हणून पास केला. त्याची किंमत माझ्या भाच्याला मोजावी लागली. आजचं बोलणं त्याबद्दलच आहे.

२०१९ सालची गोष्ट. भाचा इंजिनिअरिंगला पुण्यात आला आणि माझी जुनी स्पोर्ट्स सायकल मी त्याला दिली. सरळ हँडल, पातळ टायर आणि पुढेमागे चिमट्यासारखे दोन हात असलेले साधे कॅलिपर ब्रेक. उजवीकडचा ब्रेक लिव्हर गंजून मोडायला आला होता. मी पेठेतून नव्या लिव्हरची जोडी आणली. काळी, ॲल्युमिनियमची, बोटांना छान बसणारी. हँडलवर बसली, वायर बसली, रबर रिमपासून बेताच्या अंतरावर आणले. भाच्यानं लिव्हर दाबला आणि म्हणाला, "मामा, एकदम कडक झालाय ब्रेक!" खरंच कडक होता. पूर्वीचा लिव्हर अर्ध्यापर्यंत जायचा, हा जरासा हलताच रबर रिमला टेकायचे आणि लिव्हर जागच्या जागी थांबायचा. मी खूश.

तीन आठवडे तो कॉलेजला जात-येत होता. तक्रार काही नाही. शहरात वेग तो किती, आणि एकोणीस वर्षांच्या मुलाच्या पंजात जोर असतोच. मग नोव्हेंबरातल्या एका रविवारी चार मित्रांबरोबर तो पहाटे सिंहगडावर गेला. चढ चढून गेले, भजी-पिठलं खाल्लं आणि घाटरस्त्यानं उतरायला लागले. तिसऱ्या-चौथ्या वळणाला त्याच्या लक्षात आलं की दोन्ही लिव्हर जिवाच्या आकांतानं आवळूनही वेग म्हणावा तसा कमी होत नाही. बोटं भरून आली. पुढच्या वळणावर समोरून जीप आली. त्यानं दरीची बाजू टाळून सायकल डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली. कॉलरबोन मोडलं, कोपर सोललं. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं.

बहीण सातारहून आली. रागावली नाही. फक्त म्हणाली, "दादा, तू बघितली होतीस ना रे सायकल?"

त्या रात्री मी सायकल अंगणात उलटी करून बसलो. वायर तुटलेली नव्हती. रबर नवे होते. रिम ॲल्युमिनियमची, कोरडी. ब्रेक अजूनही कडकच लागत होता! मग मी जो व्याप तीन आठवडे आधी करायला हवा होता तो केला. जुना मोडका लिव्हर अडगळीतून काढला आणि व्हर्नियर घेऊन दोन्ही मोजले. लिव्हर ज्या खिळीवर फिरतो त्या खिळीच्या मध्यापासून वायरीची घुंडी जिथे अडकते तिथपर्यंतचं अंतर. जुन्याचं भरलं १८ मिलिमीटर. नव्याचं ३३.

यात काय बिघडलं, हे समजायला इंजिनिअर असावं लागत नाही. घरात अडकित्ता असला म्हणजे झालं. आमची आजी सुपारी नेहमी अडकित्त्याच्या सांध्याजवळ, अगदी आत सरकवून धरायची. कट्‌ करून दोन तुकडे. आम्ही पोरं तीच सुपारी पात्याच्या टोकाकडे धरायचो, दोन्ही हातांनी दाबायचो आणि सुपारी उडून जायची. सांध्याजवळ पातं थोडंच हलतं, पण जोर जास्त देतं. टोकाकडे पातं खूप हलतं, जोर कमी. ब्रेकचा लिव्हर हा तसाच अडकित्ता आहे. बोटं धरतात ते टोक हाताकडचं, वायर म्हणजे सुपारी. वायर खिळीजवळ अडकवली असेल तर लिव्हर दाबल्यावर ती थोडी ओढली जाते, पण जोरात. खिळीपासून लांब अडकवली असेल तर खूप ओढली जाते, पण हलकेच. जास्त वायर आणि जास्त जोर, दोन्ही एका लिव्हरमधून मिळत नाहीत.

मी आणलेला लिव्हर जास्त वायर ओढणारा होता. बोटाच्या जराशा हालचालीत त्यानं भरपूर वायर ओढली, त्यामुळे रबर लगेच रिमला भिडले आणि हाताला कडकपणा जाणवला. पण भिडल्यावर रबर दाबायला जो जोर लागतो तो जुन्या लिव्हरच्या जवळजवळ निम्माच राहिला. म्हणजे ज्या कडकपणाला मी चांगलं लक्षण समजलो, तेच दुखण्याचं लक्षण होतं. उलट जुना लिव्हर मऊ लागायचा, कारण तो काम करत होता.

निम्मा जोर म्हणजे काय, याचा हिशेब मी नंतर मांडला. ताशी ३० किलोमीटर वेग, कोरडा सपाट रस्ता, बरा ब्रेक असेल तर ब्रेक लागल्यापासून सायकल साधारण ७ मीटरमध्ये थांबते. जोर निम्मा झाला की १४ मीटर. इथपर्यंत ठीक, दुप्पट झालं एवढंच. पण शंभराला आठ असा उतार घ्या. चांगल्या ब्रेकची सायकल साडेआठ मीटरच्या आत थांबते आणि निम्म्या ब्रेकची जवळजवळ २१ मीटर घेते. कारण उतारावर ब्रेकचा काही भाग नुसता ओढ सांभाळण्यातच खर्ची पडतो, थांबवायला उरतो तो शिल्लक भाग. आधीच निम्मा झालेल्या जोरातून तेवढाच वाटा वजा झाला, की हातात फार थोडं राहतं. शिवाय घाटात ब्रेक एकदा नाही, पन्नासदा दाबायचा असतो, आणि बोटं ही काही यंत्राची नसतात.

आता प्रश्न असा, की हे दोन तऱ्हेचे लिव्हर बाजारात आले कुठून? आमच्या लहानपणी हा घोळ नव्हता. दूधवाल्याची, पोस्टमनची, मास्तरांची ती काळी, २८ इंची, उंच सायकल आठवा. तिला वायरच नसायची. हँडलखालचा लांब दांडा दाबला की सळया वर ओढल्या जायच्या आणि घोड्याच्या रिकिबीसारखा एक आकडा रबरांसकट रिमला आतल्या बाजूनं, म्हणजे चाकाच्या आसाकडच्या अंगानं, येऊन टेकायचा. दांडा, सळया, आकडा, सगळं एकाच कारखान्यातून एकमेकांच्या मापाचं होऊन यायचं. दुसरा लिव्हर लावू म्हटलं तरी लावता यायचा नाही. पावसात ते ब्रेक यथातथाच चालायचे, कारण रिम क्रोमच्या पॉलिशची पोलादी असे आणि ओल्या क्रोमवर रबर घसरतं. पण जोडी मात्र फुटत नसे.

वायर आली आणि जोडी फुटली. वायर कुठल्याही लिव्हरला अडकते आणि कुठल्याही ब्रेकपर्यंत नेता येते. तरीही बरीच वर्षं फारसं बिघडलं नाही, कारण वायरीचे जे ब्रेक होते, कॅलिपर म्हणा किंवा चिमट्याच्या दोन्ही अंगांना बसणारे आखूड हातांचे कँटिलिव्हर म्हणा, त्या सगळ्यांना कमीच वायर लागायची. लिव्हरही त्याच बेताचे होते. मग १९९६ साली जपानच्या शिमानो कंपनीनं व्ही-ब्रेक बाजारात आणला. आपल्याकडे दुकानदार त्याला 'पॉवर ब्रेक' म्हणतात. चिमट्याच्या दोन बाजूंना उभे दोन लांब हात, दहा-अकरा सेंटिमीटरचे. खीळ तळाशी, रबर तिच्यापासून दीड-दोन बोटं वर आणि वायर पार वरच्या टोकाला. म्हणजे इथे अडकित्ता ब्रेकमध्येच आला. पण लांब हातांच्या टोकांना अंतरही जास्त कापावं लागतं, म्हणून वायर जवळपास दुप्पट ओढावी लागते. त्यासाठी कंपनीनं लिव्हरही नवा केला. जास्त ओढणारा, कमी जोराचा. नवा ब्रेक आणि नवा लिव्हर मिळून हिशेब उत्तम जमतो. दुकानात मात्र दोन्ही सुटे मिळतात, दिसायला सारखे, किमतीला सारखे, आणि पुडक्यावर 'सायकल ब्रेक लिव्हर' एवढंच छापलेलं.

उलटी चूकही लोक करतात. पॉवर ब्रेकला जुन्या पद्धतीचा लिव्हर लावतात. तिथे काय होतं? लिव्हर पूर्ण दाबून हँडलला टेकला तरी रबर रिमला नीट पोचत नाहीत. मग कारागीर रबर रिमच्या इतके जवळ आणून ठेवतो, की मध्ये कागदही जाऊ नये. रिम जराशी वाकडी झाली की चाक घासतं. आणि जेव्हा लागतो तेव्हा ब्रेक असा झटकन धरतो की नवखा माणूस हँडलवरून पुढे जावा. ही चूकही वाईटच, पण एक बरं आहे, ती हाताला लगेच कळते. लिव्हर स्पंजासारखा लिबलिबीत लागतो, माणूस शंका घेतो, दुकानात परत येतो. माझी चूक हाताला गोड लागणारी होती, म्हणून ती घाटापर्यंत लपून राहिली.

वाकड्या हँडलची, म्हणजे रेसर सायकलींची, तऱ्हा आणखी वेगळी. गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईत लांब पल्ल्याला जाणारी मंडळी वाढली आणि आपल्या सरळ हँडलच्या सायकलीला मेंढ्याच्या शिंगासारखं हँडल लावून घ्यायची हौसही वाढली. तिथे पहिली ठेच लागते ती जाडीची. सरळ हँडलची नळी लिव्हर बसतो तिथे २२.२ मिलिमीटर असते, रेसरच्या हँडलची २३.८. फरक दीड मिलिमीटरचा, पण सरळ हँडलचा लिव्हर त्यावर चढत नाही. काही कारागीर पकडीनं पट्टी फाकवून तो चढवतात. असं कुणी करताना दिसलं तर त्याच्या हातातून पकड काढून घ्या. फाकवलेली पट्टी आज धरेल आणि एखाद्या दिवशी ऐन दाबात तडकेल किंवा फिरेल. दुसरी गोष्ट घुंडीची. सरळ हँडलच्या वायरीला आडवी पिंपासारखी घुंडी असते, रेसरच्या वायरीला लहान, पेरूच्या आकाराची. बसत नाही म्हणून कानशीनं घासायची नसते. तिसरी आणि मुख्य गोष्ट अशी, की रेसरचे बहुतेक लिव्हर कमी वायर ओढणारे असतात. तुमच्या सायकलीला पॉवर ब्रेक असेल आणि हँडल वाकडं लावलंत, तर दोघांचं जमत नाही. मग एकतर जास्त ओढणारे रेसरचे लिव्हर शोधून आणायचे, ते मिळतात. किंवा आखूड हातांचे छोटे व्ही-ब्रेक बसवायचे. नाहीतर वायरीच्या वाटेत लहानमोठ्या व्यासाची जोडचाकी बसवायची, ती थोड्या ओढीची जास्त ओढ करून देते. ही शेवटची युक्ती डोकेबाज आहे, पण त्या चाकीवर वायर सतत वाकत असते आणि कुरतडत जाते, म्हणून मला ती आवडत नाही.

डिस्क ब्रेकबद्दल थोडंच सांगतो. वायरीच्या डिस्क ब्रेकमध्येही हेच दोन प्रकार असतात, रेसरच्या लिव्हरचा वेगळा आणि सरळ हँडलचा वेगळा. बाहेरून फरक ओळखू येत नाही, घेताना विचारायचं. तेलाच्या डिस्कमध्ये लिव्हर आणि खालचा भाग एकाच कंपनीनं एकमेकांसाठी केलेला असतो. त्यात आपण हात घालू नये. फक्त तेल कोणतं, ते पाहावं. काहींना खनिज तेल लागतं, शिमानोचे तसे आहेत, आणि काहींना मोटारसायकलीचं असतं तसं डॉट प्रकारचं. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यानं प्रेमानं चुकीचं तेल भरून दिलं, तर आतली रबरं खराब होतात आणि ब्रेक जातो.

अपघातानंतर माझ्याकडे एक सवय लागली. कुणाचीही सायकल दारात आली की मी पट्टी काढतो. खिळीच्या मध्यापासून घुंडीच्या मध्यापर्यंत दोन सेंटिमीटरच्या आसपास असेल तर तो लिव्हर कॅलिपरचा आणि कँटिलिव्हरचा. तीन किंवा जास्त भरले तर पॉवर ब्रेकचा. काही लिव्हरमध्ये घुंडीची जागा बदलायची सोय असते, तिथे ती आपल्या ब्रेकप्रमाणे आहे ना ते पाहतो. मग पुढचा ब्रेक दोनच बोटांनी दाबून सायकल पुढे ढकलतो. मागचं चाक उचललं गेलं पाहिजे. पूर्ण पंजानं दाबून पाहिलंत तर वाईट ब्रेकही पास होतो, मी तोच घोटाळा केला होता. लहान मुलांच्या सायकलीवर आणखी एक पाहतो, मुलाची बोटं लिव्हरपर्यंत पोचतात का. बऱ्याच लिव्हरना एक लहानसा स्क्रू असतो, तो आत पिळला की लिव्हर हँडलजवळ येतो. आठ वर्षांच्या पोराला दिलेली सायकल वर्षानुवर्षं त्या स्क्रूला हात न लावता वापरली जाते, आणि पोर पायानं ब्रेक मारतं म्हणून आई त्याला चपला झिजवल्याबद्दल रागावते.

परदेशातून सायकल आणली असेल तर डावं-उजवं नक्की पाहा. आपल्याकडे उजवा लिव्हर पुढच्या चाकाचा. अमेरिकेतून आलेल्या सायकलींचा डावा लिव्हर पुढच्या चाकाचा असतो. घाईच्या क्षणी हात विचार करून दाबत नाही, सवयीनं दाबतो. आणि ब्रेकच्या वायरीवर गिअरच्या वायरीचं कव्हर कधी घालू देऊ नका. ब्रेकच्या कव्हरात पोलादी पट्टी गोल गुंडाळलेली असते, गिअरच्या कव्हरात तारा लांबीला समांतर. ब्रेकचा ताण आला की त्या तारा फाकून कव्हर फुटू शकतं. दुकानात दोन्ही एकाच खिळ्याला टांगलेली असतात.

दोन वर्षांमागे आमच्या गल्लीतला एक जण सायकल घेऊन आला. प्रेसशॉपमध्ये त्याच्या डाव्या हाताची चार बोटं गेली होती, अंगठा तेवढा राहिला. कामावर सायकलनंच जायचं, पण डावा लिव्हर दाबता येत नाही म्हणून मागचा ब्रेक नुसता शोभेला. पावसाळ्यात केवळ पुढच्या ब्रेकच्या भरवशावर तो जीव मुठीत धरून जायचा. दोन वायरी एकदम ओढणारा लिव्हर मिळतो, तीनचाकी सायकलींना लावतात, हे मला ठाऊक होतं. मागवला. पट्टी लावली, तर अंतर दोन सेंटिमीटर! त्याच्या सायकलीला पॉवर ब्रेक. तरी एकदा बसवून पाहिला, आणि लिव्हर सरळ हँडलला जाऊन टेकला. परत केला. दुसरा, जास्त ओढणारा मिळायला दीड महिना गेला.

तो बसवल्यावर त्याला मी एक गोष्ट दोनदा समजावली, की या लिव्हरनं जोर वाढत नाही, हाताचा जोर दोन चाकांत वाटला जातो. दोन्ही वायरींचा ताण सारखा ठेवावा लागतो. एक ढिली झाली की सगळा जोर दुसरीकडे जातो. तो ऐकून घेतो आणि दर महिन्याला सायकल घेऊन येतो. त्या दिवशी भाचाही घरी होता. आता नोकरीला लागलाय, नवीन सायकल घेतली आहे. त्यानं मला विचारल्याशिवायच खिशातून पट्टी काढली, मोजलं, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "चौतीस."

घंटी त्या गृहस्थांनी आता डावीकडे लावून घेतली आहे. ती अंगठ्यानं वाजते.